बटवडा न झालेले पार्सल आणि चिडलेला ग्राहक: ऑनलाइन विक्रेत्याने टप्प्याटप्प्याने काय करावे

ऑनलाइन विक्रीत हरवलेल्या पार्सलपेक्षा परत फिरलेल्या पार्सलवरून होणारे वाद अधिक चिघळतात, असा माझा अनुभव आहे. पार्सल हरवले तर विक्रेता आणि ग्राहक दोघांचेही गाऱ्हाणे एकाच कुरिअर कंपनीविरुद्ध असते. परंतु पार्सल दारापर्यंत जाऊन परत निघाले की चूक कोणाची, हा प्रश्न थेट या दोघांमध्ये येऊन उभा राहतो. ग्राहक म्हणतो की तो दिवसभर घरीच होता आणि कोणी आलेच नाही; ट्रॅकिंगवर मात्र ‘प्राप्तकर्ता उपलब्ध नाही’ अशी नोंद असते. पैसे विक्रेत्याकडे, वस्तू वाटेत आणि ग्राहक संतापलेला, अशा स्थितीत पहिल्या दोन दिवसांत विक्रेता काय लिहितो आणि काय करतो, यावर पुढचा बहुतेक निकाल ठरतो.

पुढील सर्व सूचनांमागे एकच भूमिका आहे. खर्च कोणी सोसायचा, हे पार्सल का परत फिरले त्यावरून ठरवावे. ग्राहक किती जोरात बोलतो, याचा त्या निर्णयाशी संबंध ठेवू नये. जो धमकावतो त्याला तत्काळ पैसे द्यायचे आणि जो सभ्यपणे विचारतो त्याला अटी दाखवायच्या, हा अन्याय आपल्या हातून नकळत होत असतो, आणि तो टाळायचा असेल तर निर्णयाचे निकष आधीच लिहून ठेवावे लागतात.

पहिली पायरी: उत्तर देण्याआधी नोंदी वाचाव्यात

ग्राहकाचा संदेश कितीही कडवट असला तरी प्रथम ट्रॅकिंगची पूर्ण नोंद उघडावी. केवळ शेवटची ओळ वाचून थांबू नये. पार्सल कोणत्या दिवशी वाटपासाठी बाहेर पडले, किती वेळा नेले गेले आणि दोन प्रयत्नांमध्ये किती अंतर होते, हे क्रमाने पाहावे. परत फिरण्याची कारणे साधारणपणे सहा प्रकारची असतात: पत्ता अपुरा किंवा चुकीचा असणे, प्राप्तकर्ता घरी नसणे, पार्सल टपाल कार्यालयात किंवा पिकअप केंद्रात ठेवूनही ते मुदतीत नेले न जाणे, ग्राहकाने घेण्यास नकार देणे, सीमाशुल्क न भरले जाणे आणि वाटेत पार्सल फाटणे किंवा लेबल निघून जाणे. यांपैकी शेवटच्या कारणाची जबाबदारी पूर्णपणे विक्रेत्याच्या बाजूची असते, कारण वेष्टन त्याने केलेले असते आणि कुरिअरची निवडही त्याचीच असते. नकार आणि मुदतीत न नेणे या दोन कारणांत जबाबदारी सहसा ग्राहकाकडे जाते. खरा घोळ पहिल्या दोन कारणांत होतो.

‘पत्ता अपुरा’ ही नोंद दिसली की ग्राहकाने पत्ता चुकवला, असे आपण लगेच गृहीत धरतो. तसे करण्यापूर्वी ऑर्डरमधील पत्ता आणि प्रत्यक्ष छापलेले लेबल शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. माझ्या एका पार्सलच्या बाबतीत ग्राहकाने दिलेला पत्ता निर्दोष होता. पण लेबल तयार करणाऱ्या प्रणालीत पत्त्याच्या एका ओळीला ३५ अक्षरांची मर्यादा होती आणि इमारतीचे नाव लांब असल्यामुळे त्यापुढे लिहिलेला सदनिकेचा क्रमांक नेमका छाटला गेला होता. इमारत सापडली, दार सापडले नाही. ग्राहक तीन संदेशांत एकच गोष्ट सांगत होता की पत्ता बरोबर आहे, आणि मी तीन वेळा त्याला पत्ता तपासायला सांगत होतो. लेबलचे छायाचित्र उघडून पाहिले असते तर तो वाद पहिल्याच संदेशात मिटला असता. अनेक कुरिअर कंपन्यांच्या लेबलवर अशी मर्यादा असते, म्हणून सदनिकेचा क्रमांक नेहमी ओळीच्या सुरुवातीला घ्यावा.

‘प्राप्तकर्ता उपलब्ध नाही’ या नोंदीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वाटप करणाऱ्यावर वेळेचा ताण असतो आणि काही वेळा दारापर्यंत न जाताच तशी नोंद केली जाते, हे या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. कुरिअरकडे लेखी विचारणा करून प्रयत्नाची तारीख, वेळ, उपलब्ध असल्यास त्या क्षणीचे जीपीएस स्थान, दारावर लावलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र आणि ग्राहकाला केलेल्या फोनची नोंद मागावी. एकाच दिवशी काही मिनिटांच्या अंतराने दोन प्रयत्न नोंदलेले असतील, किंवा रात्री उशिरा प्रयत्न झाल्याचे दिसत असेल, तर ग्राहकाचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मोठी आहे.

ट्रॅकिंग क्रमांक ‘सापडत नाही’ अशी ग्राहकाची तक्रार असेल तर ती लगेच तपासता येते. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक १३ अक्षरांचा असतो: आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाच्या संकेताची दोन अक्षरे. नऊ अंकांपैकी शेवटचा अंक पहिल्या आठांवरून गणिताने काढलेला पडताळणी अंक असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की प्रणाली क्रमांक नाकारते. ग्राहकाला क्रमांक छायाचित्रात न पाठवता मजकूर म्हणून पाठवावा, म्हणजे तो हाताने टंकावा लागत नाही.

दुसरी पायरी: पुरावा त्याच दिवशी जमा करावा

ट्रॅकिंगच्या नोंदी कायम राहत नाहीत. काही महिन्यांनी त्या संकेतस्थळावरून निघून जातात आणि ग्राहकाने पैसे परत मिळवण्यासाठी बँकेमार्फत केलेली तक्रार, म्हणजे चार्जबॅक, नेमकी त्यानंतर दाखल होऊ शकते. म्हणून पूर्ण नोंद दिसेल असा स्क्रीनशॉट तारखेसह जतन करावा. त्याच्यासोबत ऑर्डरचा तपशील, लेबलचे छायाचित्र, पार्सल स्वीकारल्याची वजन नोंदलेली पावती आणि ग्राहकाशी झालेला संपूर्ण संवाद एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. फोनवर बोलणे झाले असेल तर त्यानंतर लगेच विक्री मंचाच्या संदेशपेटीत ‘आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे’ असे लिहून ठरलेली गोष्ट दोन वाक्यांत नोंदवावी. खासगी मेसेजिंग ॲपवर ग्राहकाने वाद सुरू केला तरी उत्तर मंचाच्या संदेशपेटीतूनच द्यावे, कारण मध्यस्थी करणारा कर्मचारी सहसा तेवढेच पाहू शकतो.

तिसरी पायरी: पहिले उत्तर

पहिले उत्तर चोवीस तासांच्या आत जावे आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: पार्सल या क्षणी कोठे आहे, ते का अडले असे नोंदीत दिसते आणि पुढची हालचाल कोण, कोणत्या तारखेपर्यंत करणार आहे. पैशांचा विषय या संदेशात ठरवून टाकू नये, पण टाळूही नये. तो कधी ठरेल हे सांगावे. उदाहरणादाखल असे लिहिता येईल:

‘नमस्कार. आपले पार्सल मंगळवारी सकाळी वाटपासाठी बाहेर पडले होते आणि दुपारी “पत्ता अपुरा” या नोंदीसह स्थानिक केंद्रात परत गेले. ते अजून तिथेच असून शुक्रवारपर्यंत राखून ठेवलेले आहे. लेबलवर पुढीलप्रमाणे पत्ता छापलेला आहे. यात काही राहिले असल्यास कृपया आज संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे मी कुरिअरला दुरुस्ती देऊ शकेन. पार्सल मिळण्यास उशीर होत असल्याबद्दल मी दिलगीर आहे. शुक्रवारपर्यंत ते आपल्याला मिळाले नाही आणि परत निघाले, तर पुन्हा पाठवणे किंवा रक्कम परत करणे यांबाबत मी त्याच दिवशी आपल्याला लिहीन.’

या मजकुरात ग्राहकावर दोषारोप नाही आणि विक्रेत्याने न केलेली चूक कबूलही केलेली नाही. उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करणे आणि जबाबदारी स्वीकारणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आमची चूक झाली’ हे वाक्य रागावलेल्या ग्राहकाला शांत करण्यासाठी लिहिले जाते आणि पुढे तेच विक्रेत्याविरुद्ध पुरावा म्हणून सादर होते. त्याच वेळी ‘कुरिअरशी तुम्हीच बोला’ असे लिहून हात झटकणेही योग्य नाही. कुरिअरशी करार विक्रेत्याचा असतो. टपालाने पाठवलेल्या वस्तूबाबत तर ही गोष्ट आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली आहे: १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या करारानुसार, कायद्याने जप्त झाली नसेल तर टपाल वस्तू हक्कदाराच्या हाती पडेपर्यंत पाठवणाऱ्याच्याच मालकीची राहते. म्हणूनच वस्तू मागे घेण्याची किंवा पत्ता बदलण्याची विनंती पाठवणाऱ्यानेच करायची असते.

चौथी पायरी: पार्सल तिकडे असतानाच प्रयत्न करावा

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पार्सल परत निघण्यापूर्वी ते ग्राहकाच्या हाती पोहोचवणे. केंद्रात पार्सल ठेवण्याची मुदत देशानुसार आणि सेवेनुसार बदलते, म्हणून ती तारीख कुरिअरकडून काढून ग्राहकाला कळवावी. पिकअपसाठी कोणते ओळखपत्र लागेल, हेही त्याच संदेशात सांगावे. ग्राहक केंद्रावर जाऊन रिकाम्या हाताने परतला की त्याची सगळी सहनशक्ती संपते.

येथे एक मोठा धोका आहे आणि त्याबद्दल मी आग्रहाने लिहितो. ‘पत्ता दुरुस्त करणे’ आणि ‘पत्ता बदलणे’ यांत फरक आहे. सदनिकेचा क्रमांक राहिला असेल तर तो भरणे ही दुरुस्ती झाली. पण ग्राहक सांगू लागला की पार्सल भावाच्या घरी, कार्यालयात किंवा दुसऱ्या शहरात पाठवा, तर तो पत्ता ऑर्डरमध्ये नसतो. पेपालसारख्या पेमेंट सेवांचे विक्रेता संरक्षण, म्हणजे खोट्या तक्रारीत विक्रेत्याची रक्कम राखण्याची हमी, हे व्यवहाराच्या तपशिलात दिसणाऱ्या पत्त्यावरच वस्तू पाठवण्याच्या अटीवर मिळते. नव्या पत्त्यावर पार्सल व्यवस्थित पोहोचले, तरी ‘मला वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार झाल्यास विक्रेत्याकडे दाखवायला काही उरत नाही, आणि फसवणूक करणारे लोक हीच पळवाट वापरतात. नवा पत्ता हवाच असेल तर पार्सल परत येऊ द्यावे, मूळ ऑर्डर रद्द करून रक्कम परत करावी आणि ग्राहकाला नव्या पत्त्यासह नवी ऑर्डर नोंदवायला सांगावे. प्रामाणिक ग्राहकाला हे कारण समजावून सांगितले तर तो बहुतेक वेळा मान्य करतो.

पाचवी पायरी: परत आलेले पार्सल उघडताना

पार्सल हातात आले की ते उघडण्याची घाई करू नये. सही करण्यापूर्वी वेष्टन फाटलेले किंवा ओले दिसत असेल तर कुरिअरच्या पावतीवर तशी नोंद करावी. मग सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः परतीच्या कारणाचा शिक्का किंवा चिकटपट्टी स्पष्ट दिसेल अशी. ट्रॅकिंगवरील कारण आणि पार्सलवर हाताने लिहिलेले कारण वेगळे निघाल्याचे मी पाहिले आहे, आणि अशा वेळी पार्सलवरील खूण अधिक तपशील देते. वजन करून ते पाठवतानाच्या पावतीशी ताडावे. फरक मोठा असेल तर न थांबता कुरिअरकडे तक्रार नोंदवावी. त्यानंतर लेबल दिसत असतानाच चित्रीकरण सुरू करून, मध्ये न थांबता, पार्सल उघडावे आणि वस्तू कोणत्या स्थितीत आहे ते दाखवावे.

सहावी पायरी: पैशांचा निर्णय

आता चार रकमा वेगळ्या काढाव्यात: वस्तूची किंमत, सुरुवातीचा पाठवणी खर्च, परतीचे शुल्क आणि पुन्हा पाठवण्याचा खर्च. बहुतेक भांडणे या चार रकमा एकत्र करून ‘पैसे परत द्या’ आणि ‘देणार नाही’ एवढ्यावरच होतात. लेबलमध्ये, वेष्टनात किंवा वाटपात चूक झाली असेल तर ग्राहकाला पूर्ण रक्कम परत द्यावी किंवा त्याला हवे असल्यास विनाशुल्क पुन्हा पाठवावे, आणि कुरिअरकडून भरपाई मिळवणे हे विक्रेत्याने स्वतःचे काम समजावे. कुरिअरचा निर्णय येईपर्यंत ग्राहकाला ताटकळत ठेवू नये. ग्राहकाने पत्ता चुकवला किंवा मुदतीत पार्सल नेले नाही, तर वस्तूची किंमत परत करून पाठवणीचा आणि परतीचा प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो. मात्र हे दुकानाच्या अटींत खरेदीपूर्वी लिहिलेले असावे लागते आणि मंचाचे व ग्राहकाच्या देशातील नियम त्याला परवानगी देत असावे लागतात.

हे नियम पाहणे किती गरजेचे आहे, हे युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशावरून लक्षात येते. त्यानुसार ऑनलाइन खरेदी केलेल्या वस्तूचा ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत ग्राहक करारातून माघार घेऊ शकतो आणि तशी माघार घेतल्यास विक्रेत्याने साध्या पाठवणीचा मूळ खर्चही परत करायचा असतो. जलद सेवेसाठी घेतलेली जादा रक्कम परत करण्याचे बंधन नसते. परंतु त्याच निर्देशानुसार माघारीसाठी स्पष्ट निवेदन आवश्यक आहे, केवळ पार्सल न स्वीकारणे पुरेसे नाही. म्हणून तेथील ग्राहकाने पार्सल नाकारले असेल तर ‘आपण ऑर्डर रद्द करत आहात का, हे कृपया लेखी कळवावे’ असे विचारावे.

परतीचे शुल्क ऐकून ग्राहक अनेकदा भडकतो, कारण हलक्या वस्तूला एवढे पैसे कसे लागले हे त्याला उमगत नाही. त्याला आकारमानाधारित वजन समजावून सांगावे. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असल्यास त्यावर दर लावतात. ४० गुणिले ३० गुणिले २५ सेंटिमीटरचे खोके तराजूवर २ किलो भरले तरी हिशेबात ते ६ किलोचे होते. कुरिअरचे बिल जोडून हे गणित दाखवले की तक्रारीची धार कमी होते. बिलापेक्षा एक पैसाही अधिक कापू नये.

रक्कम नेहमी ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत करावी. ‘कार्डावर नको, दुसऱ्या खात्यात पाठवा’ ही विनंती कितीही आर्जवाने केलेली असली तरी ती नाकारावी, कारण तशी रक्कम दिल्यानंतर कार्डावरील तक्रारही मंजूर झाली तर पैसे दोनदा जातात. पुन्हा पाठवायचे असल्यास पार्सल हातात आल्यानंतर आणि पाठवणीची रक्कम मिळाल्यानंतरच ते रवाना करावे. पहिले पार्सल वाटेत असताना दुसरे पाठवणे केवळ आपली चूक निश्चित झाली असेल आणि ग्राहकाला वस्तू तातडीने हवी असेल तेव्हाच योग्य ठरते.

दुसऱ्या देशात जाणारी पार्सले

सीमाशुल्कावरून परत येणारी पार्सले सर्वांत महाग पडतात. विक्रीच्या पानावर शुल्क कोण भरणार हे ठळकपणे लिहावे. आंतरराष्ट्रीय व्यापारात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित संज्ञांच्या (इन्कोटर्म्स) २०२० च्या आवृत्तीत डीएपी म्हणजे आयात शुल्क खरेदीदाराने भरायचे आणि डीडीपी म्हणजे ते विक्रेत्याने भरायचे, असा स्पष्ट भेद आहे. ग्राहकाने ‘भेटवस्तू असे लिहा’ किंवा ‘किंमत कमी दाखवा’ अशी विनंती केली तर नम्रपणे पण ठाम नकार द्यावा. ते खोटे विवरण ठरते, त्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते आणि पार्सल हरवल्यास भरपाईसुद्धा त्या कमी किमतीवरच मिळते. वस्तूची किंमत परतीच्या खर्चापेक्षा कमी असेल तर बटवडा न झाल्यास पार्सल परत न आणता तेथेच सोडून देण्याची सूचना पाठवतानाच देता येते का, हे पाहावे. महागड्या वस्तूंच्या निर्यातीची कागदपत्रे जपून ठेवावीत, कारण स्वतःचाच माल परत येताना त्यावर आयात शुल्क लागू नये यासाठी ती दाखवावी लागतात.

ग्राहक ऐकतच नसेल तर

अडचणीचा ग्राहक म्हणजे लबाड ग्राहक, असे समजू नये. बहुतेक जण पैसे अडकल्यामुळे घाबरलेले असतात आणि त्यांना ठरलेल्या तारखेला ठरलेली बातमी मिळाली की ते शांत होतात, मग ती बातमी ‘अजून काही हालचाल नाही’ एवढीच का असेना. जो ग्राहक तासातासाला लिहितो त्याला प्रत्येक संदेशाला उत्तर देण्याऐवजी रोज एका ठरावीक वेळी उत्तर देण्याचे सांगावे आणि ती वेळ कसोशीने पाळावी.

वाईट अभिप्रायाची धमकी देऊन जादा पैसे किंवा फुकट वस्तू मागणारा ग्राहक मात्र वेगळा. ईबेसह मोठ्या मंचांच्या नियमांत अशी मागणी निषिद्ध आहे. त्याला धमकीबद्दल काहीही न सुनावता, आपण आधी दिलेला प्रस्ताव त्याच शब्दांत पुन्हा पाठवावा आणि तो संदेश मंचाकडे कळवावा. अभिप्राय तरीही आला तर जाहीर उत्तरात दोनच वाक्ये लिहावीत: काय घडले आणि विक्रेत्याने काय देऊ केले. ग्राहकाचा पत्ता, फोन किंवा पूर्ण नाव तेथे कधीही लिहू नये.

काही ग्राहक संवाद चालू असतानाच बँकेकडे चार्जबॅक दाखल करतात. त्या क्षणी परताव्याचे बटण दाबण्याचा मोह आवरावा. आधी आपल्या पेमेंट सेवेकडून प्रकरणाची स्थिती समजून घ्यावी, कारण रक्कम आधीच खात्यातून वळती झालेली असते. मग दिलेल्या मुदतीच्या आत तारखांच्या क्रमाने एक पानभर निवेदन द्यावे: ऑर्डर, पाठवणी, वाटपाचे प्रयत्न, ग्राहकाला पाठवलेल्या सूचना, पार्सल परत आल्याची तारीख आणि देऊ केलेला परतावा. पार्सल परत आलेले असताना पूर्ण किंमत आपल्याकडे ठेवण्याचा प्रयत्न करू नये. वस्तूही विक्रेत्याकडे आणि पैसेही विक्रेत्याकडे, अशी स्थिती कोणत्याही परीक्षकाला पटत नाही. लढायचे असेल तर केवळ पाठवणी आणि परतीच्या खर्चाच्या भागासाठी लढावे, आणि ती रक्कम लहान असेल तर चार्जबॅकचे शुल्क व स्वतःचा वेळ धरून हिशेब करावा.

पुढच्या ऑर्डरपूर्वी

यातले बरेच काही पाठवण्याआधीच टाळता येते. पत्त्यात घर क्रमांक नसेल, पोस्टाचा क्रमांक आणि शहर जुळत नसेल किंवा फोन क्रमांकात अंक कमी असतील तर पार्सल रोखून ग्राहकाला विचारावे. लेबलवर फोन क्रमांक असावा आणि पत्त्याची दुसरी प्रत पार्सलच्या आत ठेवावी, म्हणजे बाहेरचे लेबल निघाले तरी मार्ग सापडतो. रोख घेऊन बटवडा करण्याच्या पद्धतीत ग्राहकाचे काहीच अडकलेले नसल्यामुळे नकाराचे प्रमाण वाढते, म्हणून तेथे पाठवण्यापूर्वी होकाराचा संदेश घेणे श्रेयस्कर आहे.

प्रकरण मिटले तरी फोल्डर लगेच पुसू नये. पेपालवर व्यवहारानंतर १८० दिवसांपर्यंत वाद उपस्थित करता येतो, तर व्हिसा कार्डाच्या बहुतेक तक्रारींसाठी १२० दिवसांची मुदत असून ती वस्तू मिळणे अपेक्षित असलेल्या तारखेपासूनही मोजली जाऊ शकते. फोल्डरच्या नावातच ती शेवटची तारीख लिहून ठेवावी. ती उलटल्यानंतर हिशेबासाठी लागणारे बिल तेवढे ठेवून ग्राहकाच्या पत्त्याची आणि फोनची माहिती काढून टाकावी.